माझी टाच आणि सव्वादोनचा हात

माझ्या डाव्या टाचेची कीर्ती एके काळी भिंगारपासून सोनईपर्यंत पसरली होती, आणि ती मीच पसरवली होती. एका गावात मी सांगितलं, टाचेत बाभळीचा काटा शिरला, आतच रुजला, आणि आता पावसाळ्यात त्याला शेंगा येतात. दुसऱ्या गावात सांगितलं, छावणीतल्या गोऱ्या साहेबाच्या घोड्याने माझ्या टाचेवर पाय दिला; मी तसाच चालत घरी आलो, पण घोडा मात्र लंगडा झाला आणि साहेबाला बदली मागावी लागली. बायका हसायच्या. हसताना त्यांचा हात सैल पडायचा. मला तेवढंच हवं असायचं.

आम्ही मनियार. काचेच्या बांगड्या भरणं हा आमचा धंदा, बापाचा होता, त्याच्या बापाचा होता. खांद्यावर बांगड्यांच्या माळा, पाठीवर बोचकं, आणि गावोगाव फेरी. परक्या बाईचा हात चारचौघांत धरायची मुभा या जगात फक्त दोघांना आहे, वैद्याला आणि आम्हाला; आणि वैद्याकडे बायका मरायला टेकल्याशिवाय जात नाहीत. घट्ट बांगडी अंगठ्याच्या हाडावरून चढवायची म्हणजे दुखतंच. अशा वेळी मनियाराच्या तोंडात गोष्ट तयार पाहिजे. ऐन रंगात आली की बाई श्वास रोखते, तोंड उघडं राहतं, हात ढिला होतो आणि बांगडी सर्रकन मनगटावर. माझा बाप म्हणायचा, ज्याला थाप मारता येत नाही त्याने बांगड्या विकू नयेत, लोखंड विकावं.

आता टाचेचं खरं सांगतो. लढाईची वर्षं होती. छावणीत सोल्जर मावत नव्हते, मोटारीत जागा मिळत नव्हती, आणि मी रोज चार-पाच कोस पायी. एका सकाळी बिछान्यातून उठून पाय जमिनीला टेकवला, आणि टाचेखालून कुणीतरी तापलेला दाभण वर मारला. मी भिंत धरली. बायको म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, जमीन चावली."

वीस-तीस पावलं गेलं की दुखणं उतरायचं. दहा घरं फिरलो की वाटायचं, गेलं बुवा. पण एका ओट्यावर घटकाभर बसून बांगड्या भरल्या आणि उठलो, की पुन्हा तोच दाभण. माणूस चालत राहिला तर त्याचा मित्र, बसून उठला तर त्याचा वैरी, असं हे दुखणं. आणि माझा धंदाच बसण्या-उठण्याचा! वर आमच्याकडची रीत अशी की चुडा भरून झाला की बाई मनियाराच्या पाया पडते. एका म्हातारीने भक्तिभावाने नेमकी माझी डावी टाच दाबली. मी जो आशीर्वाद दिला तो तीन गल्ल्या ऐकू गेला. म्हातारी बाकीच्यांना म्हणाली, "कसा बेंबीच्या देठापासून देतोय बघा!"

आणि एक कबूल करतो, जे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत माझ्या गोष्टी लांबायला लागल्या. पूर्वी डझनाला एक गोष्ट पुरायची, आता एका डझनाला तीन. लोक म्हणायचे, मनियारमामा काय रंगतो हल्ली! मामा रंगत नव्हता. मामाला उठायची भीती वाटत होती.

उपाय किती केले म्हणून सांगू? वीट तापवून तिच्यावर रुईची पानं, पानांवर तेल, तेलावर टाच. पाय इतका शेकला की शेजारचं मांजर वासाने येऊन बसलं. भिंगारच्या वैद्याने नाडी पाहिली, म्हणाला, हा वातकंटक, आणि इतका कडू काढा दिला की तो प्यायल्यावर टाच दुखते हे तासभर आठवायचंच नाही. छावणीतल्या दवाखान्याच्या कंपाउंडरने सांगितलं, सोड्याच्या बाटलीवर पाय ठेवून ती मागेपुढे लाटत बस. तो एकटाच शहाणा होता, बाटलीने बरंही वाटायचं. पण तो असंही म्हणाला, "सहा महिने, वर्ष लागेल. आपोआप जातं हे. चालणं कमी कर." वर्ष! चालणं कमी! मी त्याला म्हटलं, "साहेब, तुम्ही औषध द्या, शिक्षा नको."

आता ज्या हातासाठी हे सगळं लिहितो आहे, त्याच्याकडे येतो. फार लांबवलं. इथेही मला उठायची भीतीच वाटते आहे बहुतेक.

माझी धाकटी बहीण. आई-बाप एका साथीत गेले तेव्हा ती एवढीशी होती, मी दहा वर्षांनी मोठा. तिला मीच वाढवली. तिच्या हातात पहिली बांगडी मी चढवली, लग्नाचा चुडाही मीच भरला. हात इतका बारीक की गावातल्या कुठल्याही बाईच्या बांगडीतून तो येता-जाता निघावा. लग्नात माप घेतलं ते सव्वादोन इंच, आणि पुढे सात वर्षं तेच. मी तिला चिडवायचो, "तुझा हात खाटेच्या सुतळीशेजारी ठेवला तर सुतळी जाड दिसेल."

ती दिलेली सोनईच्या पुढच्या एका वाडीत. माणसं शेतकरी, आमच्यातलीच, गरीब पण साधी. तिला दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा तिसऱ्या महिन्याच्या पुढे गेले नव्हते. तिसऱ्यांदा दिवस राहिले आणि पाचवा लागला तेव्हा मी फेरीत तिच्याकडे गेलो होतो. निघताना ती दारापर्यंत आली.

"भाई, सातव्या महिन्याचा चुडा तू भरायचा."

"मग कोण, तुझा सासरा भरणार?"

"तसं नाही. दुसऱ्या कुठल्या मनियाराला मी हात देणार नाही. तू उशीर केलास तर मी उघड्या हाताने बसेन."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "हिरवा माल मी आत्ताच लपवून ठेवलाय. भुशात पुरून. लढाई काचेचा कारखाना खाऊ दे, तुझा चुडा सुटणार नाही. आणि मी मोटारीने येणार नाही, गाडीने येणार नाही. भिंगारपासून चालत येईन, खांद्यावर फक्त तुझा चुडा, आणि तुझी सगळी वाडी दारात उभी राहील बघायला." ती हसली. ती हसली की तिच्या हनुवटीवर खळी पडायची, गालावर नाही.

तिच्या मनात भीती होती हे मला कळत होतं. माझ्याही होती. या वेळी मूल हातात आलं पाहिजे, ती सुखरूप राहिली पाहिजे, एवढीच गोष्ट आमच्या दोघांच्या आयुष्यात उरली होती. म्हणून तर एवढ्या जोरात बोललो.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बापाने मला हात वाचायला शिकवलं होतं. भविष्य नव्हे. हात. गार आहे की गरम, कामाचा की बसून खाणारा, आणि पोटुशी बाई असेल तर सुजलाय की भरलाय. "हाताच्या पाठीवर अंगठा दाब," बाप सांगायचा. "खड्डा पडून लगेच भरला तर बाई तूप खातेय. खड्डा तसाच राहिला, आणि वर डोकं दुखतं म्हणत असेल, तर बांगडी भरू नको. घरच्यांना सांग, डॉक्टरीणबाईकडे न्या."

भिंगारच्या जुन्या बाजारात एक तेलीण म्हातारी होती. तिच्या सुनेच्या हाताला मी असाच अंगठा दाबला होता, आठव्या महिन्यात. खड्डा राहिला. मी बांगड्या गुंडाळल्या आणि म्हातारीला म्हटलं, आधी शहरातल्या मिशनच्या बायकांच्या दवाखान्यात जा. म्हातारीने शिव्या दिल्या, पण नेलं. सून वाचली, नातू झाला. त्यानंतर वर्षभर मी ती गोष्ट सांगत फिरलो. पहिल्यांदा खड्डा बोटाएवढा होता. सोनईला पोचेपर्यंत त्यात वाटीभर पाणी मावत होतं. डॉक्टरीणबाईने मला नोकरीवर घ्यायचं म्हटलं, इथपर्यंत मी नेऊन ठेवलं.

सातवा महिना लागला. गुरुवार ठरला. आणि त्याच्या आधीच्या आठवड्यात मी एक शहाणपणा केला.

टाच तेव्हा फार चेकाळली होती. इतकी लांब मजल जमेल की नाही अशी धास्ती पडली. कुणीतरी सांगितलं, तापल्या विळ्याचा डाग द्या, एका दिवसात मोकळं. बायको म्हणाली, "गाडीने जा की. टाच भाजायची कशाला?"

"मी चालत येतो म्हणून सांगितलंय."

"कुणाला सांगितलंय? जगाला? ती तुमची बहीण आहे, ती काय रस्ता मोजायला बसणार आहे?"

"तुला नाही कळायचं."

"मला एवढं कळतं की टाच दुखते तुमची आणि चालतं तुमचं तोंड."

डाग घेतला. घेताना मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर दिल्लीपर्यंत गेलं असतं, म्हणून दात आवळले. दुसऱ्या दिवशी टाचेवर आवळ्याएवढा फोड. तिसऱ्या दिवशी तो फुटला. आता पहिलं पाऊल आणि विसावं पाऊल यांत काही फरकच राहिला नाही. मी घरात चवड्यावर चालायला लागलो, बगळ्यासारखा.

सोनईकडचा एक गाडीवान दर मंगळवारी कांदा घेऊन नगरला यायचा, परत जाताना भिंगारला आमच्या दारावरून हाक मारायचा. बहिणीच्या वाडीतलाच होता. मनाने सोन्यासारखा माणूस. मी त्याला पाय दाखवला.

"मामा, बसा गाडीत," तो म्हणाला. "मागं कडबा हाय, पाय पसरून निजा. परवा सकाळी ताईच्या दारात उतरवतो तुमाला. पावलं मोजून धा."

मला अजून ती गाडी दिसते. बैल शेपट्या हलवत होते. मागे खरंच कडबा होता, आणि त्याच्यावर घोंगडी. मी त्या घोंगडीकडे पाहिलं आणि मला दिसलं ते असं: वाडीतले लोक दारात उभे, आणि गाडीतून उतरतोय कोण, तर कडब्यावर निजून आलेला, पाय बांधलेला मनियार. ज्याने सात गावांत सांगितलं होतं, मी चालत येणार.

"नको," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यात फोड भरेल, मी माझा चालत येतो. तू चुडा घेऊन जा. गुरुवार चुकायला नको. सासूबाई भरतील, उरलेला विधी मी आलो की करू."

चुडा मी भुशातून काढला. सव्वादोनचं माप. हिरवा असा की कवळ्या गव्हाला लाज वाटावी. पुसून, सुतळीने बांधून, टोपलीत भुसा घालून गाडीवानाच्या हातात दिला. तो गेला.

पुढच्या मंगळवारी टोपली परत आली.

"मामा, बसंना," गाडीवान म्हणाला. "सासूबाईनं साबण लावला, तेल लावलं, एक बी जाईना. दोन फुटल्या. ताईचा हात माप सोडून गेला बगा! मोठ्या मापाच्या द्या म्हनल्या."

मी आधी नाराज झालो. माझं माप चुकलं असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि मग एकदम लक्षात आलं, आणि मी इतक्या जोरात हसलो की बैल दचकले. "अरे, अंगावर मांस चढलं तिच्या! सात वर्षांत पहिल्यांदा! अल्लाने ऐकलं बाबा."

एक माप वरच्या, दोन-सहाच्या काढून दिल्या. बायको चुलीपाशी होती. ती वळून म्हणाली, "दोन महिन्यांत माप बदलतं का हो?"

"सासरचं तूप."

"त्यांच्याकडे म्हैस आटलीय असं मागल्या वेळी तुम्हीच सांगत होतात."

"मग शेजारचं तूप," मी म्हटलं, आणि मीच हसलो. गाडीवानही हसला. बायको हसली नाही. तिने हातातला पोळपाट ठेवला आणि पीठ मळायला घेतलं.

तिसऱ्या मंगळवारी दोन-सहाच्याही परत आल्या.

"अडीचच्या द्या म्हनल्या. दुसरा मनेर बोलवू का म्हनून सासूबाईनं इचारलं, पन ताई न्हाईच म्हनती. भाईच्या बांगड्या बसतील तवाच भरीन म्हनती. दोन गुरवार तसंच गेलं." मग टोपी काढून डोकं खाजवत तो म्हणाला, "डोकं लई दुखतंय म्हनं तिचं. दिवा लावला तर डोळं मिटून घेती."

आता कुणीही मला विचारावं, की तेलिणीच्या सुनेचा हात दाबणारा तूच ना? बापाने सांगितलेलं तुला पाठ होतं ना? होतं. पण ते माझ्या अंगठ्याला पाठ होतं. कानाला नव्हतं. कानाने ऐकलं 'अडीच', आणि मी त्याचा अर्थ आनंद असा लावला. कारण मला तोच हवा होता. आणि डोकं दुखतं हे ऐकून मला काय वाटलं असेल? नजर. मीच भिंगारभर सांगत सुटलो होतो ना, माझ्या बहिणीचा हात सव्वादोनवरून वर चढला म्हणून! दारावर येणाऱ्या प्रत्येक बाईला गूळ दिला होता. मला वाटलं, माझ्याच तोंडाने तिला दृष्ट लावली. म्हणून अडीचच्या हिरव्या बांगड्यांत मी एक काळी घातली, नजरेसाठी, आणि गाडीवानाला बजावलं, "काळी डाव्या हातात, सगळ्यांत आधी. म्हणावं भाईने पाठवलीय, डोकं उतरेल."

गाडीवान पुन्हा म्हणाला, "मामा, चला की. गाडी मोकळीच हाय."

"बघ," मी टाच वर केली, "खपली धरलीय. पुढच्या आठवड्यात नक्की."

शुक्रवारी ती तेलीण म्हातारी आमच्या घरी आली. मी फेरीवर येत नाही म्हणून बायकाच आताशा घरी यायच्या. नातवाला कडेवर घेऊन आली होती, सुनेसाठी बांगड्या निवडत होती. मी सोड्याच्या बाटलीवर पाय लाटत बसलो होतो आणि अर्थातच बहिणीच्या हाताची गोष्ट रंगवत होतो. सव्वादोन, मग दोन-सहा, मग अडीच. आता पुढच्या वेळी बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ पाठवावी लागेल, असं काहीतरी म्हणालो.

म्हातारी हसली नाही. तिने नातवाला खाली उतरवलं.

"दाबून पाह्यलंस का?"

"काय?"

"हात. माझ्या सुनेचा दाबला होतास तसा. खड्डा राहतो का पाह्यलंस?"

बाटली माझ्या पायाखालून घरंगळत गेली आणि भिंतीला लागली. आतली गोटी वाजली. बायको दारात होती. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं की ती दहा दिवसांपूर्वी हेच विचारत होती.

शनिवारी पहाटेच्या मोटारीत मला उभं राहायला जागा मिळाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार चढ आला की धापा टाकत थांबायची आणि सगळे उतरून ढकलायचे. मीही ढकलली, एका पायावर. घोडेगावला उतरलो. तिथून सोनई आणि सोनईपासून वाडी, पायी. खपली पहिल्याच मैलात निघाली. चपलेत ओलं लागायला लागलं. एरवी या वाटेवर मी किती गोष्टी रचल्या असत्या! त्या दिवशी एकही सुचली नाही. मी फक्त पावलं मोजत होतो आणि प्रत्येक पावलाला एकच गोष्ट मनात: पोचलो की गाडी जुंपायची, कडबा घालायचा, घोंगडी घालायची, तिला निजवायचं, आणि थेट मिशनच्या दवाखान्यात. वाडीतले लोक बघेनात का. मी गाडीच्या मागे पळत येईन.

दुपारी वाडी दिसली. लोक खरंच दारात उभे होते.

मला बघायला नव्हते उभे. मी जवळ आलो तसे ते बाजूला झाले. गाडीवान पुढे आला, माझ्या खांद्यावरचं बोचकं त्याने काढून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाला, "सकाळी गेली, मामा. झटकं आलं. एकावर एक. पोर बी आतच ऱ्हायलं."

सासू ओसरीवर बसली होती. तिने मला पाहिलं आणि कपाळ बडवलं नाही, ओरडली नाही, नुसती म्हणाली, "गुरुवारी तुमचा चुडा बसला, बाबा. तेल लावून लावून मीच बसवला. काळी बांगडी आधी. ती किती खूश झाली. म्हणाली, आता भाई आला नाही तरी चालेल, त्याचा हात लागला." मग जरा थांबून म्हणाली, "सोनईचा मनियार दारावरून दोनदा गेला. तिने बोलावू दिला नाही. तुमचा मान होता ना."

त्या मनियाराला मी ओळखत होतो. त्याच्या बापाने आणि माझ्या बापाने एकत्र फेऱ्या केल्या होत्या. त्याचाही अंगठा शिकलेला होता.

आंघोळ घालणाऱ्या बायका खोळंबल्या होत्या. बांगड्या निघत नव्हत्या. अंगावर दागिना ठेवता येत नाही, आणि हात असा झाला होता की काच मांसात रुतली होती. फोडली तर कातडी कापेल म्हणून कुणी हात लावत नव्हतं. त्यांतली एक म्हातारी बाहेर आली आणि मला म्हणाली, "तू भाऊ आहेस, मनियार आहेस. तू काढ."

मी आत गेलो. तिच्या शेजारी बसलो. तिचा हात मांडीवर घेतला.

तो हात मी ओळखला नसता. पंचवीस वर्षांत मी हजारो हात धरले असतील, इथे मी वाढवून सांगत नाही. तो कुठल्यातरी दुसऱ्या, जाड, आळशी, सुखी बाईचा हात वाटत होता. मी तेल घेतलं. एकेक बांगडी फिरवत फिरवत आणली. जिवंत बाईचा हात असता तर मी गोष्ट सांगितली असती. सवयीने माझं तोंड उघडलंही होतं. मग मिटलं.

सगळ्या निघाल्या. एकही फुटली नाही. काळी सगळ्यांत शेवटी निघाली.

मग मी जे करायला आलो होतो ते केलं. तिच्या हाताच्या पाठीवर अंगठा ठेवला आणि दाबला. उचलला. खड्डा पडला होता. मी वाट पाहिली. बाहेर बायका म्हणत होत्या, वेळ होतोय. खड्डा तसाच होता.

मी किती वेळ बसलो होतो ठाऊक नाही. उठलो तेव्हा टाचेखाली तो दाभण बसला, जसा नेहमी बसायचा, आणि मी पहिल्यांदाच भिंत धरली नाही. पूर्ण टाच टेकवली. सगळं वजन दिलं. जनाज्याला खांदा दिला तो कब्रस्तानापर्यंत सोडला नाही. लोक म्हणाले, बदला खांदा, पायातून रक्त येतंय. मी म्हटलं, मी चालत येणार म्हणून सांगितलंय.

टाच पुढच्या उन्हाळ्यात बरी झाली. कुठलाही उपाय न करता, एका सकाळी उठलो, पाय टेकवला, आणि काही झालं नाही. कंपाउंडरने सांगितलं होतं तसं, वर्षात, आपोआप. मी खाटेवर परत बसलो आणि पुन्हा उठून पाहिलं. पुन्हा काही नाही. बायको म्हणाली, "बरं वाटतंय?" मी म्हटलं, "हो." त्या दिवशी मी फेरीवर गेलो नाही.

फेरी मी पुढे पुष्कळ वर्षं केली. मापावर बांगड्या कुणाच्या हाती पुन्हा धाडल्या नाहीत. कुणी कितीही आर्जव केलं तरी सांगायचो, हात आणा नाहीतर मी येतो. आणि बाई समोर बसली की आधी तिच्या हाताच्या पाठीवर अंगठा दाबायचा, मग माप. सगळ्यांच्या, पोटुशी असो, कुवार पोर असो, म्हातारी असो. तरुण पोरी खिदळायच्या. "मामा, हे काय करता हो दर वेळी?"

मी प्रत्येकीला निराळं सांगायचो. एकीला म्हटलं, हातात किती नशीब भरलंय ते चाचपतो. एकीला म्हटलं, पिकलेला आंबा आणि बाईचा हात दाबल्याशिवाय कळत नाही. तिची सासू मला मारायला उठली. एकीला तर मी सांगितलं, आमच्या खानदानात एक मनियार होता, त्याने एका राणीचा हात न दाबता चुडा पाठवला, तर राणीने त्याला देशोधडीला लावलं. ती पोर डोळे विस्फारून ऐकत होती. हात ढिला पडला होता. अंगठ्याखालचा खड्डा भरून आला, आणि मी बांगडी चढवली.

"मग पुढं काय झालं त्या मनियाराचं?" तिने विचारलं.

मी दुसरी बांगडी उचलली. "काही नाही," मी म्हटलं. "तो चालतोय अजून."